नव्वद अंशांवरचे चार आकडे

क्वांटम फील्ड थिअरीचा, म्हणजे कणांचं जन्मणं, नष्ट होणं आणि टकरी क्षेत्रांच्या भाषेत सांगणाऱ्या विषयाचा, पेपर आमच्याकडे एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला येतो आणि तो ऐच्छिक आहे. नेट या पात्रता परीक्षेच्या अभ्यासक्रमात क्लाइन-गॉर्डन समीकरण आहे, डिरॅक समीकरण आहे. त्यापुढची फील्ड थिअरी नाही. घरची ओढाताण पाहून ज्यांना लवकरात लवकर जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, काढायचीच आहे अशी मुलं दुसरा पेपर घेतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. उरलेल्या मूठभरांना मात्र 'क्यूएफटी'च हवी असते. का हवी, असं पहिल्या तासाला विचारलं की उत्तरं येतात: हिग्ज बोसॉन, स्ट्रिंग थिअरी, यूट्यूबवर ऐकलेलं एखादं व्याख्यान. मला ही उत्तरं आवडतात. या विषयाची ओढ लांबूनच लागावी लागते, कारण जवळ गेल्यावर पहिले दोन महिने वर-खाली उड्या मारणारे निर्देशांक, अधिक-उण्याची चिन्हं आणि कुठे किती टू-पाय येतात याचा हिशोब एवढंच दिसतं.

शिकवण्याची एक रूढ वाट आहे. आधी क्लासिकल फील्ड, लग्रांजियन, नोथरचं प्रमेय. मग मुक्त स्केलर फील्डचं क्वांटायझेशन, म्हणजे फील्डकडे अगणित हार्मॉनिक ऑसिलेटरांचा समूह म्हणून पाहणं. मग डिरॅक फील्ड, मग फोटॉन, मग परस्परक्रिया, विकचं प्रमेय, फाइनमन डायग्राम आणि सेमिस्टर संपता संपता एखादं क्रॉस सेक्शन, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता सांगणारा आकडा. लूप, म्हणजे बंद वळसे असलेल्या आकृत्या, आणि रीनॉर्मलायझेशन, म्हणजे त्यांतून येणाऱ्या अनंताची व्यवस्था, हे वेळ उरला तर. तर्काच्या अंगाने या वाटेत काही खोट नाही. फक्त ज्या प्रश्नापायी कोणीतरी हे सगळं करायला बसलं, तो प्रश्न तिच्यात नसतो. मुलं डिरॅक समीकरणातल्या गॅमा मॅट्रिसेसचे ट्रेस (कर्णावरच्या पदांची बेरीज) काढायला शिकतात, पानंच्या पानं भरतात आणि उत्तर पुस्तकाशी जुळवतात. हे गणित कोणी केलंच नसतं तर जगाबद्दलची कुठली गोष्ट ठरायची राहून गेली असती, असं विचारलं की सगळा वर्ग गप्प होतो.

मीही हा विषय याच वाटेने शिकले. शिकवणारे सर मन लावून शिकवायचे, फळ्यावर एक ओळ चुकायची नाही, आणि माझी वही आजही उघडून कुणालाही वाचता येईल. पण विषय माझा झाला तो नंतर, पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एका एसईआरसी स्कूलमध्ये, म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांसाठीच्या प्रशिक्षण वर्गात. सकाळी व्याख्यानं आणि दुपारी ट्युटोरियल. देशभरातून आलेली मुलं एका टेबलाभोवती बसून एकाच उदाहरणावर तावातावाने भांडायची, आणि तिथे पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं की हे उणे चिन्ह नसतं तर काय बिघडलं असतं. 'उत्तर चुकलं असतं' एवढ्यावर त्याचं समाधान होईना. निसर्गात काय वेगळं दिसलं असतं, ते त्याला हवं होतं. त्या दुपारचं ऋण माझ्यावर आहे, आणि माझ्या शिकवण्याची आजची सगळी पद्धत त्यातूनच आली आहे.

आता मी अख्खा पेपर एका गणिताभोवती बांधते. ते गणित भाभा स्कॅटरिंगचं.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर येऊन आदळतात आणि विखुरतात. कुठल्या कोनात किती जातील, एवढंच ते गणित. फील्ड थिअरीच्या बहुतेक अभ्यासक्रमांत ते कुठे ना कुठे येतंच, बऱ्याचदा प्रकरणाच्या शेवटच्या उदाहरणांत. आपल्या माणसाचं नाव पाहून मुलांना क्षणभर बरं वाटतं आणि पुढच्याच क्षणी ती ट्रेसमध्ये बुडतात. भाभा म्हणजे अणुऊर्जा आयोग, तुर्भ्याचं केंद्र, कुलाब्याची टीआयएफआर, १९६६ सालचा मों ब्लांवरचा विमान अपघात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मुंबईत वाढलेला, वडिलांच्या इच्छेखातर केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंगची परीक्षा देऊन मग आपल्या मनासारखा गणिताकडे आणि भौतिकशास्त्राकडे वळलेला पंचविशीतला होमी भाभा त्यांना भेटलेला नसतो. मला त्यांची गाठ त्या मुलाशी घालून द्यायची असते. त्याचं वय आणि माझ्या विद्यार्थ्यांचं वय यांत दोन-चार वर्षांचंच अंतर आहे.

१९३५ साली पॉझिट्रॉन सापडून तीन वर्षं झाली होती. कार्ल अँडरसनने तो १९३२मध्ये कॉस्मिक किरणांत पाहिला होता. पण हा कण मुळात आहे काय? डिरॅकचं म्हणणं असं की ऋण ऊर्जेच्या सगळ्या अवस्था इलेक्ट्रॉननी भरलेल्या आहेत. त्यातला एखादा निघून गेला की मागे राहिलेली रिकामी जागा आपल्याला धन विद्युतभाराचा कण म्हणून दिसते. दुसरी शक्यता साधी: पॉझिट्रॉन हा प्रोटॉनसारखाच आपला एक वेगळा, स्वतंत्र कण. भाभांनी यातून काढलेला प्रश्न इतका सुंदर आहे की तो सांगताना मी दर वर्षी सावकाश सांगते. पॉझिट्रॉन स्वतंत्र असेल, तर इलेक्ट्रॉनशी त्याची टक्कर ही दोन निरनिराळ्या कणांची टक्कर झाली. पण तो रिकामी जागा असेल, तर या टकरीत प्रत्यक्ष भाग घेणारे दोघंही इलेक्ट्रॉनच आहेत, एक धन ऊर्जेचा आणि एक ऋण ऊर्जेचा. आणि दोन इलेक्ट्रॉनांत हा कुठला आणि तो कुठला हे सांगता येत नाही. अशा कणांची टक्कर झाली की 'हा इकडे, तो तिकडे' आणि 'तो इकडे, हा तिकडे' या दोन्ही शक्यता एकत्र घ्याव्या लागतात, मध्ये उणे चिन्ह ठेवून. इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन टकरीचं असं गणित मोलरने १९३२मध्ये केलंच होतं. मग डिरॅक बरोबर असेल, तर तसाच अदलाबदलीचा परिणाम इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरीतही दिसला पाहिजे.

इथे जरा थांबायला हवं. पॉझिट्रॉन हे असणं आहे की नसणं, या प्रश्नावर जन्मभर वाद घालता आला असता. भाभांनी तो मोजता येईल असा केला. रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये १९३६ साली त्यांचा निबंध आला. त्यात त्यांनी हेही दाखवलं की अदलाबदलीतून येणाऱ्या जादा पदांचा एक सरळ अर्थ लावता येतो: इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करतात आणि त्यांच्या जागी नवी जोडी जन्माला येते. फाइनमन डायग्राम तेव्हा अस्तित्वातच नव्हते. त्यांना अजून बारा-तेरा वर्षं होती. आज आपण दोन रेघोट्या ओढतो, एकीत फोटॉनची देवाणघेवाण आणि दुसरीत जोडी नष्ट होऊन पुन्हा निर्माण, आणि पुढे जातो. ती दुसरी आकृती तिथे असेल का, यावरच त्या माणसाने आपला सगळा निबंध लिहिला होता.

एवढं सांगून झालं की मी फळ्यावर चार आकडे लिहिते. ऊर्जा इतकी जास्त घ्यायची की इलेक्ट्रॉनचं वस्तुमान विसरता येईल, पण झेड बोसॉनला, म्हणजे दुर्बल बलाच्या जड कणाला, मध्ये यावंसं वाटेल इतकी नाही. दोन्ही कण समोरासमोरून सारख्याच वेगाने येतात आणि आपण नव्वद अंशांच्या कोनात पाहतो आहोत. बाहेरचा सामाईक गुणक काढून ठेवला की उत्तरं फार देखणी येतात. पॉझिट्रॉन स्वतंत्र कण मानला, म्हणजे फक्त फोटॉनची देवाणघेवाण धरली, तर ५. जोडी नष्ट होऊन पुन्हा निर्माण होण्याचा वाटा वेगळा धरून नुसता मिळवला तर ५.५. दोन्ही शक्यता क्वांटमच्या रीतीप्रमाणे, योग्य चिन्हासह एकत्र केल्या तर ४.५. आणि ते चिन्ह उलटं घेतलं तर ६.५.

पाच, साडेपाच, साडेचार, साडेसहा. त्यांतला साडेचार निसर्गाचा.

मुलं आधी याकडे नुसती बघत राहतात. मग कोणीतरी म्हणतं, "मॅडम, म्हणजे एक शक्यता वाढवली आणि उत्तर कमी झालं?" हो, झालं. ०.५ आत आलं आणि १ बाहेर गेला. तो १ इंटरफिअरन्सचा, म्हणजे दोन शक्यता एकमेकींत मिसळून होणाऱ्या वजाबाकीचा. मग मी सांगते की आपला सगळा पेपर म्हणजे या ४.५चा जमाखर्च आहे. यातले ५ समजून घ्यायचे तर डिरॅकचे स्पिनॉर हवेत, फोटॉनचा प्रोपगेटर, म्हणजे एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतचा त्याचा प्रवास सांगणारं सूत्र, हवा. ०.५ समजून घ्यायचं तर कण जन्मतात आणि मरतात हे मान्य करणारं गणित हवं, म्हणजे एका कणाचं वेव्ह फंक्शन पुरणार नाही, फील्ड ऑपरेटरच लागतील. आणि उणे १ समजून घ्यायचा तर हे ऑपरेटर एकमेकांशी अदलाबदल करताना चिन्ह का बदलतात, हे समजायला हवं. माझ्या मते फील्ड थिअरी का हवी याचं सगळं उत्तर त्या उणे एकात आहे.

असं केल्यावर रूढ वाटेवरचे तेच टप्पे येतात, त्याच क्रमाने येतात, पण प्रत्येक टप्प्याला येण्याचं कारण असतं. नोथरचं प्रमेय येतं तेव्हा विद्युतभार टिकतो आणि कणांची संख्या टिकत नाही, हा फरक डोळ्यांसमोर असतो. अँटीकम्युटेटर, म्हणजे ऑपरेटरांचा क्रम बदलला की चिन्ह बदलण्याचा नियम, येतो तेव्हा 'कम्युटेटरने ऊर्जा तळ सोडून खाली जाते' हे नेहमीचं कारण मी देतेच, पण वर्ग उणे एकाची वाट पाहत असतो. आणि विकचं प्रमेय, ऑपरेटरांच्या जोड्या लावण्याची रीत सांगणारं, जे एरवी निव्वळ हिशोबाचं वाटतं, ते आलं की मुलं आपणहून पेन उचलतात, कारण आता चिन्ह हाताशी येणार असतं. या वेळी त्यांना मदत करावी लागत नाही. इंटरफिअरन्सच्या पदात आठ गॅमा मॅट्रिसेसचा एक लांबलचक ट्रेस येतो. तोही ती आनंदाने काढतात.

ट्युटोरियलला वर्गाची भाषा मराठी होते. निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि इंग्रजीत शंका विचारताना त्यांची अर्धी शक्ती वाक्य जुळवण्यात जाते. फळ्यावर सगळं इंग्रजीत असलं तरी भांडण मराठीत व्हावं, असा माझा आग्रह आहे. "अगं, हा फर्मिऑन तू दोनदा ओलांडलास, मग उणे दोनदा यायला पाहिजे" असं मागच्या बाकावरून ऐकू आलं की माझं काम झालेलं असतं.

याच गणिताची दुसरी बाजूही मी सांगते, कारण ती ऐकली की 'हे सगळं १९३६चं' असं कोणी म्हणत नाही. नव्वद अंश सोडून कोन लहान लहान करत गेलं की देवाणघेवाणीचं पद इतकं मोठं होतं की बाकीची पदं त्यापुढे नगण्य ठरतात. तिथे उत्तर जवळजवळ शुद्ध क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सचं असतं, म्हणून भरवशाचं असतं. जिनिव्हाजवळ सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या एलईपी यंत्रात १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरी होत होत्या. एकूण टकरी किती दाट आहेत हे मोजायला तिथे लहान कोनातलं भाभा स्कॅटरिंगच वापरलं जायचं. त्या घटना मोजायच्या, सिद्धांताने दिलेल्या क्रॉस सेक्शनने भागायचं, की टकरींची दाटी मिळाली. बाकी सगळी मोजमापं त्या एका भागाकारावर उभी.

त्यांतलं एक मोजमाप म्हणजे हलक्या न्यूट्रिनोंच्या जाती किती. झेड बोसॉनच्या क्षयावरून उत्तर आलं २.९८४०, अधिक-उणे ०.००८२. तीन म्हणावं तर थोडं कमी. त्रुटीच्या जवळजवळ दुप्पट कमी. वर्षानुवर्षं ते तसंच राहिलं. मग २०१९च्या सुमारास दोन गोष्टी पुन्हा तपासल्या गेल्या. एक, समोरासमोर येणाऱ्या कणांचे झुबके परस्परांच्या विद्युतक्षेत्राने भाभा स्कॅटरिंगमधल्या कणांची दिशा किंचित बदलतात तो परिणाम. आणि दुसरी, भाभा स्कॅटरिंगच्या क्रॉस सेक्शनचं आणखी बारकाईने केलेलं गणित. दोन्ही सुधारणा धरल्यावर उत्तर आलं २.९९६३, अधिक-उणे ०.००७४. यंत्र बंद होऊन जवळपास वीस वर्षं झाली होती, नवी एकही टक्कर घडवली नव्हती. जुन्या नोंदी तशाच होत्या आणि भाभांच्या गणिताचा पुढचा पदर उलगडला होता. हे ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहण्यासाठी मी हा भाग मुद्दाम सेमिस्टरच्या मध्यावर ठेवते, त्या वेळी सगळे थकलेले असतात.

थकवा या विषयात अटळ आहे आणि त्याबद्दल मोकळेपणी बोललं पाहिजे. आपल्याला डोकंच नाही, असं चांगल्या चांगल्या मुलांना वाटायला लागतं. मी त्यांना पोकोनोची गोष्ट सांगते. १९४८च्या वसंतात अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या पोकोनो इथे निवडक भौतिकशास्त्रज्ञांची बैठक भरली. श्विंगर जवळजवळ दिवसभर बोलला. त्यानंतर फाइनमनने आपल्या आकृत्या मांडल्या आणि त्या कोणाच्याच पचनी पडल्या नाहीत. समोर बोर होते, डिरॅक होते. कणांच्या वाटा अशा काढता येतात असं मानणं म्हणजे अनिश्चिततेचं तत्त्वच न समजणं, असं बोरना वाटलं. क्वांटम मेकॅनिक्स ज्यांनी घडवलं त्यांनाही हे पहिल्या ऐकण्यात कळलं नाही. मग त्याच वर्षी चोविशीतला फ्रीमन डायसन फाइनमनबरोबर मोटारीने न्यू मेक्सिकोपर्यंत गेला, अ‍ॅन आर्बरला श्विंगरची व्याख्यानं ऐकली, आणि पूर्वेकडे परतताना बसच्या प्रवासात त्याच्या ध्यानात आलं की हे दोघं, आणि जपानमध्ये स्वतंत्रपणे काम करणारा तोमोनागा, एकच गोष्ट सांगत आहेत. १९५१ साली कॉर्नेलला त्याने जो कोर्स शिकवला त्याच्या सायक्लोस्टाइल नोट्स हातोहात फिरल्या. त्या रीतसर पुस्तकरूपाने आल्या २००७मध्ये. हार्वर्डमधल्या सिडनी कोलमनच्या १९७५-७६च्या व्याख्यानांच्या कृष्णधवल व्हिडिओ टेप अशाच वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. हा विषय पिढ्यान्‌पिढ्या नोट्सच्या झेरॉक्सवर जगला आहे, आणि माझ्या मुलांच्या हातातली स्पायरल बाइंडिंगची वही त्याच घराण्यातली आहे.

ही पोथीच्या पारायणासारखी गोष्ट आहे: पहिल्या फेरीत शब्द कानावरून जातात, अर्थ पुढच्या फेऱ्यांत लागतो. म्हणून मी पहिल्या फेरीत परीक्षेसाठी जेवढं लागतं तेवढं पक्कं करून घेते आणि बाकीच्याबद्दल सांगते, "हे आत्ता तसंच राहू द्या, आपण परत येणार आहोत." मात्र परत यावंच लागतं. परत न येणाऱ्या शिक्षकाचं असं वाक्य विद्यार्थ्याचा विश्वास खाऊन टाकतं.

सर्वांत जास्त वेळा परत यावं लागतं ते अनंताशी. पहिली गाठ लवकरच पडते. मुक्त फील्ड क्वांटाइझ केलं की प्रत्येक ऑसिलेटरची शून्यबिंदू ऊर्जा मिळून व्हॅक्यूमची ऊर्जा अनंत येते. बहुतेक पुस्तकं एका परिच्छेदात सांगतात की आपल्याला फक्त ऊर्जेतले फरक मोजता येतात, हे पद सोडून द्या, ऑपरेटरभोवती दोन विसर्गचिन्हं लावा. वर्गातला एखादा मुलगा हात वर करतो: गुरुत्वाकर्षणाला तर पूर्ण ऊर्जाच दिसते ना? त्याचं म्हणणं खरं आहे. व्हॅक्यूमची ऊर्जा आणि विश्वाचं प्रसरण यांचा मेळ अजून कोणालाही घालता आलेला नाही. त्याला मी बसवत नाही. ही अडचण तशीच उघडी आहे असं सांगते आणि त्याचा प्रश्न फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकट करून लिहून ठेवते. सेमिस्टरभर ती चौकट पुसायची नाही असा नियम आहे. साफसफाई करणाऱ्या मावशींनाही आता माहीत झालं आहे.

दुसरी गाठ लूप आल्यावर पडते. तिथे मी १९४७पासून सुरुवात करते. जूनमध्ये न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवर बैठक झाली. हायड्रोजनच्या ज्या दोन पातळ्या डिरॅकच्या समीकरणानुसार एकाच ऊर्जेच्या असायला हव्या होत्या, त्यांच्यात सुमारे १००० मेगाहर्ट्झचा फरक लॅमने तिथे जाहीर केला. बैठक संपल्यावर न्यूयॉर्कहून स्केनेक्टडीला जाताना आगगाडीत हान्स बेथेने गणित केलं आणि १०४०च्या आसपास आकडा काढला. तो कसा आला, हे मी मुलांकडून ओळीओळीने करवून घेते. गणित अनंताकडे जात होतं. बेथेने मुक्त इलेक्ट्रॉनलाही जो वाटा येतो तो वजा केला, कारण तो वस्तुमानात आधीच मोजला गेलेला आहे. उरलेलंही हळूहळू वाढत होतं. तिथे त्याने ठरवलं की इलेक्ट्रॉनच्या विरामऊर्जेपलीकडे हे सापेक्षतेशिवायचं गणित चालणार नाही, म्हणून तिथेच थांबायचं. आपलं गणित कुठपर्यंत खरं आहे हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने त्या हद्दीचा मान ठेवला.

रीनॉर्मलायझेशन या बाजूने शिकवलं तर मुलांना ते फसवणूक वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. 'अनंतातून अनंत वजा करा' असं शिकवलं की हुशार मुलं दुरावतात, आणि मला त्यांचं दुरावणं योग्य वाटतं. १९७०च्या दशकात केनेथ विल्सनने हा विषय ज्या रीतीने उलगडला ती रीत एम.एस्सी.लाच सांगायला हवी, पीएच.डी.पर्यंत थांबू नये. उदाहरणाला मी फर्मीचा बीटा-क्षयाचा सिद्धांत घेते. १९३४चा. त्यात चार कण एकाच बिंदूत भेटतात. लूप मोजायला गेलं की तो फुटतो, वरच्या ऊर्जेला न्यावा तर तुटतो. तरीही किरणोत्सर्गी केंद्रकांसाठी तो अर्धं शतक उत्तम चालला. कारण ८० जीईव्हीच्या (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आसपास तो क्षय घडवणारा डब्ल्यू बोसॉन बसला होता आणि तो सर्नमध्ये सापडला १९८३ साली. खालच्या ऊर्जेला त्याचा सगळा तपशील एका स्थिरांकात सामावून गेला होता. सिद्धांताला आपली हद्द असते आणि हद्दीपलीकडचं अज्ञान काही थोड्या मोजता येणाऱ्या आकड्यांत साठवता येतं, हे एकदा पटलं की वस्तुमान आणि विद्युतभार मोजून आत घालण्यात कोणाला अपराधी वाटत नाही.

मग आकड्यांचा आनंद मोकळेपणी घेता येतो. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णात डिरॅकच्या उत्तरावर होणारी पहिली दुरुस्ती श्विंगरने काढली, ०.००११६, अल्फा (विद्युतबलाची ताकद सांगणारा स्थिरांक) भागिले टू-पाय हे तिचं सूत्र त्याच्या समाधीच्या दगडावर कोरलेलं आहे. त्या पायरीला एकच आकृती लागते. पुढच्या पायरीला ७, त्यापुढे ७२, मग ८९१, आणि पाच लूपना १२,६७२. तोइचिरो किनोशिता आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या सगळ्या गणल्या. गणित आणि प्रयोग दशांशचिन्हानंतरच्या अकरा स्थळांपर्यंत जुळतात. आणि याच मालिकेबद्दल डायसनने १९५२मध्ये दाखवलं होतं की ती शेवटपर्यंत नेली तर अभिसारी नाही. अल्फाचं चिन्ह उलटं करा, सारखे विद्युतभार एकमेकांना ओढू लागतील, व्हॅक्यूम ढासळेल. म्हणून शून्याभोवती मालिका सुरळीत असूच शकत नाही. एका परिच्छेदात मावणारा हा युक्तिवाद मी कधीही घाईत सांगत नाही. त्यानंतर वर्गात बराच वेळ बोलणं चालतं, पुढचा तास असलेले सर दारात उभे राहतात.

प्रश्नपत्रिकेत यातलं फारसं उतरत नाही. विद्यापीठाच्या पेपरात ट्रेस विचारावा लागतो, प्रोपगेटर काढायला सांगावा लागतो, त्याला माझा विरोध नाही. हात चालल्याशिवाय हा विषय येत नाही. पण तोंडी परीक्षा माझ्या हातात असते आणि तिथे मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते. भाभांनी उणे चिन्ह डिरॅकच्या समुद्रातून, म्हणजे इलेक्ट्रॉननी भरलेल्या ऋण ऊर्जेच्या अवस्थांतून, काढलं. आपण सेमिस्टरभर समुद्राचं नावही न घेता फील्ड ऑपरेटरांतून तेच काढलं. समुद्र सोडून दिला तर त्याचं चिन्ह आपल्याकडे कसं आलं?

मागच्या वर्षी एका मुलीने फळ्याकडे जाऊन दोन्ही आकृत्यांसाठी ऑपरेटरांची रांग लिहिली. कुठला ऑपरेटर कुठल्या कणाशी जोडला जातो ते खुणांनी दाखवलं आणि एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जायला विषम संख्येच्या अदलाबदली लागतात हे मोजून दाखवलं. मग म्हणाली, समुद्रात एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन बसू शकत नव्हते, ती अट आणि ही अदलाबदलीची अट एकच आहे; डिरॅकने ती कणांच्या गर्दीवर घातली होती, आपण ती फील्डवर घातली. त्यामुळे गर्दीची गरज उरली नाही, अट राहिली. एवढं बोलून ती थांबली नाही. तिने विचारलं की आपण झेड बोसॉन बाजूला ठेवला होता, तो आत घेतला तर नव्वद अंशांवरचे चार आकडे काय होतील, आणि ऊर्जेबरोबर ते कसे हलतील.

यंदाच्या तुकडीला मी तेच काम दिलं आहे. झेडचा प्रोपगेटर, डाव्या आणि उजव्या इलेक्ट्रॉनचे वेगवेगळे कपलिंग, आणि ९१ जीईव्हीच्या अलीकडे-पलीकडे इंटरफिअरन्सचं बदलणारं चिन्ह. दोघांनी हाताने करायला घेतलं आहे, एकाने कॉम्प्युटरवर. पहिल्या दोघांचं उत्तर अजून एका गुणकाने जुळत नाही, आणि शनिवारी सकाळी आम्ही सगळे त्यावर बसणार आहोत.